पोटावरचं परळ

मसुरे, ता. मालवण
१० ऑगस्ट २०२२

गुणवंती,

तुझा राग कशाचा आहे ते एकदा सरळ लिही. पूर्वी तुझं पाकीट आलं की मी ताट झाकून ठेवायची आणि आधी पत्र वाचायची. आता पाकीट फोडावं तर आत पाच ओळी. त्याही इतक्या बारीक, की खिडकीशी जाऊन डोळ्यांना लावून वाचाव्या लागतात. ओळीचा पहिला शब्द तरी दिसतो, शेवटाला पोचेपर्यंत अक्षराची मोहरी झालेली असते. कागद वाचवतेस की मला लिहायचा कंटाळा आला?

दत्तूच्या लग्नाला मी आले नाही, ते तुझ्या मनात असेल. पण तेव्हा ह्यांना दवाखान्यात ठेवलं होतं, तुला कळवलंही होतं. ह्यांना जाऊन आता तीन वर्षं होतील. गेलेल्या माणसावर तरी राग धरू नये गो.

दुसरी गोष्ट. आमच्या शेजारची सुंदराबाई भाचीकडे लालबागला गेली होती. तिला मी म्हटलं होतं, बाजारात माझी मैत्रीण मासे विकते, तिला बघून ये. ती येऊन सांगते, तुझ्या जागेवर दुसरीच कोणी बसलीय. आणि बाजारातल्या बाया म्हणाल्या, गुणवंती आता झोकांड्या खात चालते. मी सुंदराबाईला फाडकन बोलले, तिनं उभ्या जन्मात थेंब घेतलेला नाही. ती तोंड पाडून गेली. पण मला चैन पडेना.

फोन करून विचारलं असतं, पण माझे कान तुला ठाऊक. गिरणीत आपलं सूत गुंडाळायचं वाइंडिंग खातं मागांच्या साचेखात्याच्या भिंतीला लागून. संपात गिरणी थांबली, ती काही आपल्यासाठी परत सुरू झाली नाही, पण साच्यांची खडखड माझ्या कानात राहिली ती राहिलीच. आता फोनमध्ये माणूस बोलतो की चिमणी, मला समजत नाही. म्हणून तर आम्ही गावी आल्यापासून आपली ही पत्रं चालली आहेत. ती तोडू नकोस.

दुर्गा

*

वरळी कोळीवाडा
२२ ऑगस्ट २०२२

दुर्गे,

राग नाही. घरात कामं असतात. नात मंजुळा रांगायला लागलीय, तिच्यामागं दिवस जातो. गुडघे दुखतात म्हणून बाजार सोडला. माझ्या जागेवर आमची नणंद शांता बसते. सुंदराबाईला सांग, लोकांच्या चालण्यावर नजर ठेवण्यापेक्षा स्वतः बघून चाल. मी बरी आहे.

गुणवंती

*

वरळी कोळीवाडा
२३ ऑगस्ट २०२२

ती. दुर्गामावशी,

नमस्कार. आपण कधी भेटलो नाही. मी बकुळा, दत्तूची बायको, तुमच्या मैत्रिणीची सून. काल आईंनी तुम्हाला लिहिलेलं पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं. पाकीट चिकटवलेलं नव्हतं आणि मी ते वाचलं, मग तुमचं आलेलं पत्रही वाचलं. वाचायला नको होतं. पण वाचल्यावर गप्प बसवेना, म्हणून हे वेगळं पत्र.

आईंचे गुडघे ठणठणीत आहेत. त्यांना कंपवात आहे. दहा वर्षं होऊन गेली. त्यांनी तुम्हाला कधीच कळवलं नाही, हे मला कालच समजलं. अक्षर लहान होतं तेही त्याच आजारानं. त्यात राग नाही, कंटाळा नाही. मोठं लिहायचं ठरवून बसतात आणि हात आपोआप आखडत जातो.

सुरुवातीला गोळ्यांनी छान चालायचं. आता गोळीचा जोर लवकर उतरतो. उतरला की त्या जिथे असतील तिथे थिजतात. पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. मग पुढची गोळी लागू पडेपर्यंत तसंच. कधी उलट होतं, गोळी जास्त चढते आणि मान, खांदे, हात वेडेवाकडे हलत राहतात. बाजारातल्या बायांनी झोकांड्या म्हटल्या त्या ह्याच. गेल्या वर्षी त्या बाजारात हातात सुरी धरून थिजल्या, लोक हसले. नंतर इथे बोळात पडल्या. तेव्हापासून घराबाहेर जात नाहीत.

डॉक्टरांनी एक उपाय सांगितला आहे. लहानसा पंप असतो, कमरेला लावायचा. त्यातून दिवसभर औषध थोडं थोडं पोटाच्या कातडीखाली जातं, त्यामुळे गोळीसारखी चढ-उतार होत नाही. यांच्या नोकरीत आईच्या आजारपणाची सोय आहे, तेव्हा ती अडचण नाही. अडचण आई आहेत. त्या नाहीच म्हणतात. सुई रोज सकाळी कोणीतरी बसवायला लागते. हे शिवडीला गोदीच्या कामावर पहाटेच जातात. म्हणजे ते काम माझं. माझ्याकडून करून घ्यायला आईंचं मन घेत नाही.

मी गिरगावातली. वडील बँकेत होते, आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नव्हतं. या घरी आले तेव्हा आईंना ते रुचलं नाही, हे मला समजतं. त्या माझ्याशी वाईट वागत नाहीत. वागतच नाहीत.

त्या फक्त तुमचं नाव काढतात. तुम्ही लिहिलंत तर ऐकतील.

आपली,
बकुळा

*

मसुरे
३ सप्टेंबर २०२२

गुणवंती,

तुझ्या सुनेचं पत्र आलं. तिच्यावर ओरडलीस तर याद राख. तिनं लिहिलं म्हणून मला कळलं. दहा वर्षं! दहा वर्षं मला पापलेटाचे भाव लिहून पाठवलेस आणि हे नाही लिहिलंस?

रडून झालं, आता बोलते. तुला आठवतं, संपात मोर्च्यातून आपल्याला उचललं आणि पोलिसांच्या गाडीत कोंबलं? मी थरथर कापत होते. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. आणि तू जाळीतून फौजदाराला म्हणालीस, "साहेब, नेताय तर वाटेत चहाला थांबवा, सकाळपासून घोषणा देऊन घसा सुकलाय." सगळी गाडी हसली. फौजदारसुद्धा तोंड फिरवून हसला. तेव्हा तुला लाज नव्हती वाटली. आता घरातल्या पोरीसमोर कसली वाटते?

पंप लावून घे. पटलं नाही तर काढून टाक. पण न लावता नाही म्हणू नकोस.

दुर्गा

*

वरळी कोळीवाडा
२० सप्टेंबर २०२२

दुर्गे,

हे पत्र एका बैठकीतलं नाही. गोळी लागली की चार ओळी लिहिते, उतरली की पेन ठेवते. म्हणून कुठं अक्षर बरं दिसेल, कुठं मुंगी. बकुळाला बोलले नाही. बोलणार होते, पण आवाज आता इतका बारीक निघतो की भांडणाची मजाच जाते.

खरं सांगते तुला. पहिल्यांदा उजवा अंगठा हलायला लागला. वाइंडिंगवर धागा तुटला की आपण बोटावर अंगठा फिरवून गाठ मारायचो, तसाच. रिकाम्या हाताला आपली आपण गाठ मारत बसायचा. मला वाटलं, जुनी सवय वर आलीय. हसायची मी त्याला.

मग गोळ्या. त्या चालल्या, बरीच वर्षं चालल्या. मग डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दिवसा मासे, डाळ, अंडी खाऊ नका, त्यानं गोळी अडते, मासे संध्याकाळनंतर खा. कोळणीला सांगते, दुपारी मासे खाऊ नको! घरभर बोंबलाच्या कालवणाचा वास आणि मी दुधीची भाजी गिळतेय. तेही केलं.

बाजारात काय झालं ते बकुळानं लिहिलंच असेल. पाटावर सुरमई होती, गिऱ्हाईक समोर होतं. हात वर गेला आणि तिथंच राहिला. डोकं जाग्यावर, सगळं कळत होतं. गिऱ्हाईक बाई म्हणाली, "काय मावशी, डुलकी लागली काय?" सगळे हसले. मलाही हसून दोन शब्द सुनवायचे होते, पण चेहरा हलेना. त्या हसणाऱ्यांचे डोळे मी विसरत नाही. शेवटी शांतानं हातातून सुरी सोडवली.

आता पंपाचं. सासूबाई शेवटी अंथरुणाला होत्या, त्यांचं सगळं मी केलं. मनापासून केलं. तरी लुगडं सोडताना त्यांच्या डोळ्यांत जी लाज यायची ती मी पाहिलीय. मी तर त्यांनी स्वतः पसंत केलेली सून. बकुळाचं आणि माझं काय? ती मच्छीच्या वासानं दार लावून घेते. तिच्यापुढं रोज पोट उघडं टाकून पडू?

आणि यंत्राचं म्हणशील तर, यंत्रं आपण चालवली. आता यंत्र मला चालवणार? ते बंद पडलं की मी बंद. नको ग. आहे ते राहू दे. तू परत हा विषय काढू नकोस.

गुणवंती

*

वरळी कोळीवाडा
२७ जानेवारी २०२३

दुर्गे,

तुझी तीन पत्रं आली, उत्तर दिलं नाही. तू विषय काढला नाहीस, पण प्रत्येक पत्रात पंपाच्या जागी विहिरीचा पंप, शेताचा पंप असं काहीतरी घुसवलंस, ते मला कळलं.

ऐक काय झालं. डिसेंबरातली गोष्ट. बकुळा गच्चीवर कपडे वाळत घालत होती. मंजुळा माझ्या कडेवर. मोरीत तिचे हात धुवायला निघाले आणि उंबऱ्यावर पाय चिकटले. गोळी अचानकच उतरली. हात आखडले, पोर हातात अडकलेली. खाली ठेवता येईना, वाकता येईना, हाक मारायला आवाज नाही. आणि अंग हळूहळू एका बाजूला कलायला लागलं. मोरीची ती फरशी तुला माहीत आहे. कसाबसा भिंतीला खांदा लागला, त्याच्यावर टेकून राहिले. मंजुळाला वाटलं आजी खेळतेय. माझं नाक ओढत होती, खिदळत होती. मी मनात एकच म्हणत होते, खांदा सरकू देऊ नको.

बकुळा आली. तिनं आधी पोरीला नाही घेतलं. आधी मला मागून कवेत धरलं, घट्ट, पाय रोवून. मग माझी बोटं एकेक करून सोडवली आणि मंजुळाला काढून घेतलं. मला खुर्चीत बसवलं. मोरीत गेली, नळ पूर्ण सोडला आणि रडली, मला ऐकू जाऊ नये म्हणून. पण मी काही तुझ्यासारखी बहिरी नाही.

नळ बंद झाला तोवर माझा आवाज परत आला होता. म्हटलं, "बकुळा, त्या पंपाचं विचार."

परळच्या इस्पितळात गेलो. आधी उलटी होऊ नये म्हणून गोळ्या दिल्या होत्या, आणि त्या सकाळची नेहमीची गोळी घ्यायची नव्हती. म्हणजे मी लाकूड होऊनच खाटेवर पडले होते. डॉक्टरीणबाईंनी पोटाला औषधाची सुई दिली आणि म्हणाल्या, "जांभई आली की सांगा." मला वाटलं थट्टा करतायत. तर खरंच, जबडा फाटेल अशी जांभई आली. मग अंगठा थांबला. मग पायाची बोटं सुटली. कोणीतरी आतून दोऱ्या सैल करतंय असं. त्या म्हणाल्या, "चला."

चालले दुर्गे. वॉर्डच्या टोकाला गेले, वळले, वळताना अडखळले नाही, परत आले. बकुळा बाकावरून उठून उभी राहिली. ती माझ्याकडे बघतच राहिली. नंतर म्हणाली, "आई, तुम्ही माझ्यापेक्षा उंच आहात!" ती आली तेव्हापासून मला वाकलेलीच बघत आलीय.

मग मी डॉक्टरीणबाईंच्या चपलेवर ओकले. गोळ्या घेऊनसुद्धा. त्या म्हणाल्या, असं होतं, हळूहळू कमी होईल.

पंप जुन्या कॅसेटएवढा आहे. त्यात औषधाची सिरिंज बसते, तिला बारीक नळी, नळीच्या टोकाला केसासारखी सुई. सकाळी लावायचा, निजताना काढायचा. काळ्या बटव्यात घालून कमरेला बांधलाय. साडीत दिसतसुद्धा नाही.

गुणवंती

*

मसुरे
११ फेब्रुवारी २०२३

माझे बाय,

बरी झालीस! पत्र वाचून मी अंगणात उभी राहून मोठ्यानं रडले. शेजारीपाजारी धावत आले, त्यांना वाटलं कोणी गेलं. मी सगळ्यांना साखर वाटली. सुंदराबाईला दोनदा दिली.

आता त्या गोळ्या समुद्रात फेक. बाजारात जा, शांताला उठव आणि आपल्या जागेवर बस. सुनेला म्हणावं, आता तुझी सुटका. मी कोकमं आणि कुळथाचं पीठ पाठवते, त्यानं अंगात बळ येईल.

दुर्गा

*

वरळी कोळीवाडा
६ एप्रिल २०२३

दुर्गे,

वाटलेली साखर परत माग.

बरी नाही झाले मी. हा आजार जाणारा नाही. पंप म्हणजे त्याच्याशी केलेली तडजोड आहे, दिवसभरापुरती. गोळ्या कमी झाल्या, पण आहेत. सकाळी सुई लागेपर्यंत मी लाकूडच असते. आणि पंप लागल्यावर सगळं सुरळीत होतं असंही नाही. उठून उभी राहिले की डोळ्यांपुढं अंधारी, म्हणून खाटेच्या काठावर थोडं बसूनच उठायचं. दुपारी बोलता बोलता झोप लागते. जिथं सुई बसते तिथं कातडीखाली सुपारीसारख्या गाठी येतात, दुखतात. औषध सांडलं तर वाळून हिरवा डाग पडतो, तो कशानं जात नाही. माझ्या दोन साड्या आणि नवी चादर गेली. मार्चमध्ये तर मी वैतागून पंप काढून कपाटात टाकला होता. म्हटलं, खड्ड्यात गेलं. दोन दिवसांत कळलं खड्ड्यात कोण जातं ते. तिसऱ्या सकाळी बकुळा पंप घेऊन समोर उभी. मीच पदर बाजूला केला.

आधी दत्तू सुट्टीच्या दिवशी सुई बसवायला बघायचा. त्याचा हात माझ्यापेक्षा जास्त थरथरतो. "आईच्या पोटात सुई टोचवत नाही," म्हणतो आणि घाम पुसतो. तेव्हा बकुळाच. सुरुवातीला ती सुईकडे बघायची आणि मी छताकडे. एकदा ती म्हणाली, "आई, हलू नका ना." मी म्हटलं, "मी कुठं हलतेय, अंग हलतंय." ती फिसकन हसली. हसताना सुई चुकली, मी ओरडले, ती घाबरली, आणि मग मलाच हसू आलं.

एकाच जागी रोज टोचायचं नसतं, त्यानं गाठी वाढतात. तर हिनं काय केलं, माझ्या पोटावर मुंबई वसवली. बेंबी म्हणजे दादर. वर उजवीकडे परळ, डावीकडे लालबाग. खाली एका बाजूला गिरगाव, दुसऱ्या बाजूला शिवडी. सकाळी विचारते, "आई, आज कुठं उतरायचं?" मी म्हणते, "लालबाग." ती बोटानं चाचपून सांगते, "लालबागला गर्दी आहे, गाठ जिरलेली नाही अजून. गिरगावला जाऊ." मी म्हणते, "तुझ्या माहेरी मी कशाला येऊ?" "मग परळ?" "परळ चालेल." रात्री सुई काढली की ती त्या जागेवर तेल लावून हलक्या हातानं चोळते. तिचे हात ऊबदार आहेत. मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

परवा चोळता चोळता ती म्हणाली, "एक विचारू? मी आल्यापासून मला वाटायचं, तुमचा चेहरा सतत माझ्यावर रागावलेला आहे. मी खोलीत आले की तुम्ही तशाच बघायच्या. मग डॉक्टरांनी सांगितलं की या आजारात चेहरा हलेनासा होतो. तेव्हा वाटलं, सगळा आजारच होता की काय?"

दुर्गे, मी खोटं बोलू शकले असते. पण माझं उघडं पोट तिच्या हाताखाली होतं, तिथं काय लपवणार. म्हटलं, "अर्धा आजार, अर्धा राग."

तिनं बोटांवर आणखी तेल घेतलं. मग म्हणाली, "आता राग किती उरलाय?" मी म्हटलं, "शिवडीएवढा." म्हणाली, "एवढीशी तर शिवडी, चालेल."

आणि सांगायचं राहिलं. पंपाचं औषध पोटातून जात नाही, त्यामुळे माशांनी ते अडत नाही. गोळ्याही आता सकाळ-संध्याकाळपुरत्याच. डॉक्टरीणबाईंनी मोकळीक दिलीय. काल दुपारी मी भरलेलं पापलेट खाल्लं. एकटीनं. अख्खं.

गुणवंती

*

वरळी कोळीवाडा
१८ सप्टेंबर २०२३

दुर्गे,

मी बाजारात बसले!

पावसाळ्याची बंदी उठली, बोटी गेल्या, माल यायला लागला. शांता म्हणाली, "वहिनी, एक दिवस ये, नुसती बस." बकुळानं टॅक्सी केली. मला वाटलं ती सोडून घरी जाईल. तर ही बाई नाकाला ओढणी लावून माझ्या शेजारी पाटावर बसली. मंजुळाला दत्तूकडे ठेवलं होतं.

भाव करायला मी तयार होते, डोकं चालतंय, हात चालतायत. फक्त सुरी शांताकडे दिली, ती जोखीम नको म्हटलं. पण गिऱ्हाईक येईना, कारण माझी हाकच कोणाला जात नव्हती. दोन्ही बाजूच्या बाया गळा काढून ओरडतायत आणि मी आपली तोंड हलवतेय. बकुळा बघत होती. तिनं ओढणी खाली केली, उभी राहिली आणि गिरगावातल्या शाळेत भाषण करतात तशी म्हणाली, "नमस्कार! इथे उत्तम प्रतीचे ताजे पापलेट उपलब्ध आहेत! कृपया एकदा पाहून जावे!"

बाजारभर माना वळल्या. मग असा हशा उठला की विचारू नकोस. पलीकडची चंपा हसून हसून बर्फावर कलंडली. आणि लोक आले ग. नुसतं ती काय बोलते ऐकायला आले आणि मासे घेऊन गेले. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "अहो ताई, पुन्हा म्हणा." तिनं पुन्हा म्हटलं. मीही हसले. चेहरा हलला, मला जाणवलं.

मध्येच पंप वाजला. औषध संपत आलं की पीं पीं करतो. समोरच्या बाईनं दचकून टोपलीत बघितलं, तिला वाटलं मासा ओरडला. मी बटवा काढून दाखवला. म्हटलं, "हे माझं इंजिन. डिझेल संपलंय." बकुळानं तिथंच हात धुऊन, सॅनिटायझर चोळून सिरिंज बदलली. कोणी हसलं नाही. चंपानं मात्र विचारलं, तिच्या भावाला पण असंच होतं, डॉक्टर कुठं बसतात. बकुळानं तिला सगळं समजावून सांगितलं.

मी एक तास बसले. जास्त नाही. नंतर झोप आली. आता आठवड्यातून एकदा जायचं ठरलंय.

तू ये. दरवेळी गाईचं निमित्त सांगतेस. गाय तू विकलीस हे सुंदराबाईच्या भाचीकडून शांताला कळलंय.

गुणवंती

*

मसुरे
४ ऑक्टोबर २०२३

गुणवंती,

गाय विकली. खरं आहे. विकूनही वर्ष झालं.

मला भीती वाटते, दुसरं काही नाही. मागं बाजारात मोटरसायकलवाला हॉर्न वाजवत होता म्हणे, मला ऐकू आला नाही. कोपर घासून गेला, मी रस्त्यात बसले. लोक माझ्या तोंडाकडे बघून काहीबाही बोलत होते, मला काही समजेना. तेव्हापासून मी देवळाच्या पुढं जात नाही. तुझ्यासारखीच दार लावून बसले होते, आणि तुला मात्र पत्रातून उपदेश करत होते.

तू बाजारात बसलीस ते वाचलं आणि दोन दिवस घरात येरझारा घातल्या. सुंदराबाईला विचारलंय. ती नोव्हेंबरात भाचीकडे जाणार आहे. म्हणते, माझा हात धरून ठेव, सोडलास तर मी जबाबदार नाही.

येते.

दुर्गा

*

मसुरे
२ डिसेंबर २०२३

गुणवंती,

सुखरूप पोचले. सुंदराबाई वाटेत चार वेळा उलटी करून पोचली.

तुझ्या घरी आठ दिवस कसे गेले समजलं नाही. पहिल्या रात्री बकुळानं सुई काढली आणि हळूहळू तू समोर बसल्याबसल्या कडक होत गेलीस. कुशीवर वळायलासुद्धा तिचा हात लागला. मला फार वाईट वाटलं, तू ते पाहिलंस आणि डोळे मिटून घेतलेस. मला वाटलं, कशाला आले, हे कशाला बघितलं. पण सकाळी तुझ्याजवळच बसले. बकुळानं नळी लावली, बोटांनी मला खूण केली, थांबा. आपण तिघी थांबलो. तुला ती जांभई आली, आणि जांभई संपायच्या आत तू मला डोळा मारलास. मग मला रात्रीची भीती उरली नाही.

बकुळाला सांग, तिनं पाटीवर लिहून माझ्याशी गप्पा मारल्या त्या मला फार आवडल्या. ती मला कानाचं यंत्र दाखवायला घेऊन गेली होती ते तुला तिनं सांगितलं नसेल. मी नको म्हटलं होतं. आता मालवणच्या डॉक्टरकडे गुरुवारी जाते आहे. बसलं तर बसलं, नाही तर तुझ्यासारखं कपाटात टाकीन आणि तिसऱ्या दिवशी काढीन.

आता खरं कारण लिहायचं. परळच्या डेपोत तुम्ही आम्हाला सोडायला आलात. गाडी सुटली आणि मला आठवलं, माझी कापडी पिशवी बाकड्यावरच राहिली. सुंदराबाई तोंड उघडं टाकून झोपलेली. मी खिडकीतून मागं पाहिलं, तर तू!

पदर कमरेला खोचलेला, पिशवी डोक्यावर धरलेली, तो काळा बटवा बाजूला हिंदकळतोय, आणि तू गाडीच्या बाजूनं पाय आपटत येते आहेस. बकुळा मंजुळाला कडेवर घेऊन धावत होती, ती मागं पडली होती. तू गाडीच्या पत्र्यावर थाप मारलीस, ती मला बाकातून पाठीत जाणवली. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक लावला. तू खिडकीशी आलीस, पिशवी आत ढकललीस, आणि बोलायला लागलीस. हात नाचवत, भुवया चढवत, माझ्याकडे बोट दाखवत. तुझा सगळा चेहरा बोलत होता. पुढच्या बाकावरची माणसं वळून हसत होती. कंडक्टरनं कपाळाला हात लावला. एका बाईनं तर आपल्या मुलाचे कान झाकले. गाडी हलली तरी तुझं चालूच होतं, गाडी फाटकाबाहेर वळेपर्यंत मी तुला बघत होते.

मला त्यातलं एक अक्षर ऐकू आलं नाही. सुंदराबाई उठली होती, तिला विचारलं, तर लाजून पदर तोंडात घालते आणि सांगत नाही.

काय म्हणालीस ते लिहून पाठव. सगळं लिही. एक शब्दही गाळू नकोस.

तुझी,
दुर्गा